घास आणि गोळी

हरतालिकेचा दिवस होता. दुपारी बाराच्या सुमारास दवाखाना आवरत असताना एका जुन्या रुग्ण आजींच्या सुनेचा फोन आला. "मॅडम, आई काहीतरी असंबद्ध बोलताहेत, मला ओळखतही नाहीत. दरदरून घाम सुटलाय. अर्धांगाचा झटका तर नसेल?"

घर दोन गल्ल्या पलीकडेच असल्याने मी लगेच पोहोचले. आजी भिंतीला टेकून बसल्या होत्या. समोर वाळूची पिंडी आणि पत्री तशीच होती. हात-पाय हलत होते, चेहरा वाकडा झालेला नव्हता; पण नजर हरवलेली होती. बोटाच्या थेंबावर साखर तपासली. आकडा आला ४१.

सुदैवाने त्यांना गिळता येत होते. ग्लुकोजचे पाणी घोटाघोटाने पाजल्यावर वीस मिनिटांत त्या सावध झाल्या. मी जरा रागानेच विचारले, "कडक उपास होता, तर सकाळी गोळी का घेतलीत?" त्या शांतपणे म्हणाल्या, "औषधानं उपास मोडत नाही, मॅडम. आणि तुम्हीच तर सांगितलं होतं, गोळी एकही दिवस चुकवायची नाही."

त्यांचे बोलणे खरे होते. ते वाक्य माझेच होते. वर्षानुवर्षे मी ते शेकडो रुग्णांना ऐकवले होते. सणासुदीच्या तोंडावर "गोड खाऊ नका" हेही न चुकता सांगितले होते. मात्र "तुमचे उपवास कोणते?" हा साधा प्रश्न मी त्या आजींना कधीच विचारला नव्हता. चूक त्यांची नव्हती, माझी होती.

वाचकहो, सण आणि मधुमेह हा विषय निघाला की चर्चा मोदक, श्रीखंड आणि लाडवांभोवतीच फिरते. गोडाचे प्रमाण सांभाळलेच पाहिजे, यात शंका नाही. परंतु सत्तरीच्या घरातील व्यक्तीच्या बाबतीत सणाच्या दिवसांतील तातडीचा धोका पुष्कळदा ताटातल्या गोडाचा नसतो; गोळी पोटात गेली आणि घास गेला नाही, हा असतो. वाढलेली साखर बहुधा हळूहळू हानी करते. उतरलेली साखर अर्ध्या तासात माणसाला बेशुद्ध करू शकते.

उपवास, मेजवानी, पुन्हा उपवास

भाद्रपदातील ते तीन दिवस आठवून पाहा. तृतीयेला हरतालिकेचा उपवास, चतुर्थीला मोदकांचे जेवण आणि पंचमीला ऋषिपंचमीचे बैलाच्या श्रमाविना पिकलेले अन्न. पाठोपाठ नवरात्रातील नऊ दिवस, कोजागरीचे मध्यरात्रीचे मसाला दूध आणि मग दिवाळी. या साऱ्या काळात आहार रोज बदलतो, गोळी मात्र त्याच वेळी, त्याच मात्रेत पोटात जाते. गोळीची मात्रा आपण रोज जे आणि जेव्हा जेवता, त्याच्या हिशोबाने ठरवलेली असते. हिशोबाची एक बाजू बदलली की दुसरीही बदलावी लागते.

कोणती गोळी कशी वागते, हे घरातील एका तरी व्यक्तीला ठाऊक असावे. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. पोटात अन्न आहे की नाही, याची त्या वाट पाहत नाहीत. उपवासाच्या दिवशी साखर उतरण्याचा धोका मुख्यतः या गोळ्यांनी आणि इन्सुलिनने असतो. मेटफॉर्मिन एकटे घेतल्यास साखर सहसा धोकादायक पातळीपर्यंत उतरत नाही. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात व तिच्यासोबत पाणीही जाते. निर्जळी उपवासात त्यांच्यामुळे चक्कर येऊ शकते आणि साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन नावाची आम्ले साठू शकतात. अनेक गोळ्यांत दोन-तीन औषधे एकत्र असतात. म्हणून गोळीचे पाकीटच डॉक्टरांना दाखवावे. "ती पांढरी लांबट गोळी" एवढ्या वर्णनावर भागवू नये.

हे वाचून स्वतःच गोळी बंद करू नका. विशेषतः इन्सुलिन पूर्णपणे थांबवणे काही रुग्णांच्या जिवावर बेतू शकते. उपवासाच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना भेटावे. कोणती गोळी त्या दिवशी वगळायची, कोणती अर्धी करायची, कोणती संध्याकाळच्या जेवणासोबत घ्यायची, हे कागदावर लिहून आणावे.

ज्यांना इन्सुलिन सुरू आहे, मूत्रपिंडाचा विकार आहे, साखर पूर्वी एकदा तरी फार उतरली आहे किंवा जे एकटे राहतात, त्यांनी कडक उपवास करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पाणी, कंदमुळे, फळे, दूध आणि औषध यांनी व्रतभंग होत नाही, असे आपल्या धर्मशास्त्रातच सांगितले आहे. तेव्हा निर्जळी राहण्याचा हट्ट धरू नये आणि घरच्यांनीही त्याचे कौतुक करू नये. उपवासाच्या दिवशी साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली, अथवा अस्वस्थ वाटू लागले, तर उपवास तत्काळ सोडावा. रोजे ठेवणाऱ्यांनीही हाच नियम पाळावा.

उपवास म्हणजे हलके खाणे, हाही एक गैरसमज आहे. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ ग्रॅमहून अधिक पिष्टमय पदार्थ असतात. तंतू आणि प्रथिने नावालाच. त्यात बटाटा आणि सोबत केळे घेतले, तर साखर एखाद्या मेजवानीइतकी चढते. त्यापेक्षा थोडी भगर, तिच्यासोबत दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर आणि ताक असे ताट बरे. राजगिऱ्याची भाकरीही चांगली. दर तीन-चार तासांनी थोडे थोडे खावे.

साखर उतरल्याची खूण

तरुण माणसाची साखर उतरली की हात थरथरतात, छातीत धडधडते, भूक भडकते. वृद्धांमध्ये ही लक्षणे पुसट असू शकतात. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल यांसारख्या गोळ्या सुरू असतील, तर धडधड आणि थरथर झाकली जाते. घाम मात्र येतो. वृद्ध व्यक्ती अचानक चिडचिडी झाली, भांबावली, तेच तेच बोलू लागली, तोल जाऊन पडली किंवा अवेळी गाढ झोपली, तर "वयच झालंय" म्हणून सोडून देऊ नका. पहाटे उशी घामाने भिजलेली आढळली, तरी साखर तपासा.

आकडा ७० च्या खाली असेल आणि व्यक्तीला नीट गिळता येत असेल, तर तीन चहाचे चमचे ग्लुकोजची पूड, म्हणजे साधारण १५ ग्रॅम, अर्धा पेला पाण्यात ढवळून द्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. आकडा वर आला नसेल, तर तेवढीच मात्रा पुन्हा द्यावी. मग बिस्किटे, पोळी-दूध असे काही खायला द्यावे. ग्लुकोज नसेल, तर साखरेचे पाणी चालेल; पण अकार्बोज किंवा वोग्लिबोज ही औषधे घेणाऱ्यांच्या शरीरात साधी साखर फार सावकाश फुटते. त्यांच्यासाठी ग्लुकोजच हवे. पेढा, लाडू किंवा चॉकलेट या वेळी कामाचे नाही. त्यातील स्निग्धतेमुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. व्यक्ती बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही घालू नये. कुशीवर वळवावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीचा प्रभाव दिवसभर राहतो. मूत्रपिंडे मंदावली असतील, तर त्याहूनही अधिक. ग्लुकोजने सावध झालेली व्यक्ती दोन-तीन तासांनी पुन्हा गुंगीत जाऊ शकते. म्हणूनच त्या आजींना शुद्धीवर आल्यानंतरही मी रुग्णालयात पाठवले आणि रात्रभर देखरेखीखाली ठेवायला लावले.

पंक्तीचा दिवस

आता गोडाकडे वळू. गूळ, मध, खजूर, अंजीर यांनीही साखर चढते. गुळाचा मोदक साखरेच्या मोदकापेक्षा निर्धोक नाही. 'शुगर फ्री' म्हणून मिळणाऱ्या मिठाईत साखर नसली, तरी खवा, मैदा आणि तूप असतेच. शिवाय तिच्या नावामुळे एकाच्या जागी चार तुकडे पोटात जातात. तिखट फराळही साखरेच्या हिशोबाबाहेर नाही. चकलीच्या भाजणीत तांदूळ असतो, चिवड्यात पोहे. वर मीठ आणि तेल.

माझा सल्ला साधा आहे. गोड हे वरचे नव्हे, बदलीचे असावे. पुरणपोळी खायची असेल, तर त्या वेळी पोळी आणि भात नको. दोन मोदक घ्यायचे असतील, तर भाताची मूद सोडावी. आधी कोशिंबीर, भाजी, उसळ किंवा घट्ट वरण खावे आणि गोड शेवटी घ्यावे. या क्रमाने जेवल्यास साखर कमी वेगाने चढते. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे सावकाश चालावे. आपल्या पूर्वजांच्या शतपावलीला आजच्या वैद्यकाचाही दुजोरा आहे.

मात्र "आज श्रीखंड आहे, एक गोळी जास्त घेतो" हा हिशोब कधीही करू नका. श्रीखंडाची साखर काही तासांत ओसरते. जादा गोळी मात्र मध्यरात्रीनंतरही काम करत राहते, घरातील सारे झोपलेले असताना.

दिवाळीच्या पहाटेचेही नियोजन करावे. अभ्यंगस्नान उरकून सहा वाजता फराळ होतो आणि रोजची न्याहारी आठची असते. गोळी किंवा इन्सुलिन कोणत्या खाण्याआधी घ्यायचे, याबद्दल घरात गोंधळ उडतो आणि कधी आजोबा एकदा व नातू आठवण करून देतो म्हणून दुसऱ्यांदा, असे ते दोनदा घेतले जाते. आठवड्याची खणांची औषधपेटी यासाठी फार उपयोगी आहे. खण रिकामा दिसला, की प्रश्न मिटला.

साखर तपासण्यापूर्वी हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. एका दिवाळीत एका काकूंचा आकडा अचानक ३८० आला. घरातील मंडळी घाबरून इन्सुलिन वाढवण्याच्या बेतात होती. विचारपूस केली, तेव्हा कळले की काकू नुकत्याच बेसनाचे लाडू वळून उठल्या होत्या. हात धुऊन पुन्हा तपासले, तर आकडा १६४! बोटावरची पिठीसाखर त्या थेंबात मिसळली होती. ते इन्सुलिन दिले गेले असते, तर काय झाले असते, याची कल्पना करावी.

घरच्यांसाठी चार शब्द

वृद्ध व्यक्तीसमोरची लाडवाची ताटली सर्वांदेखत उचलून नेणे, ही काळजी घेण्याची चांगली रीत नाही. माझ्याकडे येणारे एक निवृत्त शिक्षक सदऱ्याच्या खिशात शंकरपाळे लपवून गच्चीवर जाऊन खात. का, असे विचारता म्हणाले, "घरात सगळे माझ्या हाताकडे बघतात." चोरून खाल्लेल्याचे प्रमाण कोणी मोजत नाही, त्यामुळे औषधाचा अंदाजही चुकतो. त्यापेक्षा सकाळीच बसून ठरवावे की आज एक करंजी, दुपारच्या जेवणानंतर, सर्वांसोबत. ठरलेला घास मानाने द्यावा.

वयोवृद्धांसाठी साखरेचे उद्दिष्टही थोडे सैल असते. प्रकृती बरी असलेल्या ज्येष्ठांची तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, सात ते साडेसातच्या आत असावी. अनेक विकार असलेल्यांसाठी आठपर्यंतही चालते. तेव्हा सणाच्या एका दिवशी जेवणानंतरचा आकडा थोडा वर गेला, म्हणून घरात सुतक पाळण्याचे कारण नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीचे जेवण, नेहमीचे चालणे आणि नेहमीचे औषध सुरू करावे.

त्या आजी चतुर्थीला दुपारी घरी परतल्या. आरती होऊन पाने मांडली होती. सुनेने मला फोन लावून तो आजींच्या हातात दिला. त्यांनी विचारले, "मॅडम, आता मोदक खाऊ का?" मी म्हटले, "एक खा. भात घेऊ नका. आणि आज गोळी किती घ्यायची, ते सूनबाईंना सांगते."

तेव्हापासून दर वर्षी श्रावण लागण्याआधी त्या दवाखान्यात येतात. हातात भिंतीवरची दिनदर्शिका असते. उपवासांच्या तारखांभोवती लाल पेन्सिलीने गोल केलेले असतात. प्रत्येक गोलाशेजारी त्या दिवशीची गोळी मी माझ्या हाताने लिहून देते. हरतालिकेला आता त्या दूध आणि फळे घेतात. आपल्या घरच्या दिनदर्शिकेवरही असे गोल करून, यंदा ती डॉक्टरांकडे घेऊन जा.