‘पारंपरिक’ या शिक्क्याआड कोण?

गेल्या महिन्यात मुंबईतील एका कोळीवाड्याच्या पटांगणात मोठा पडदा लावून वाड्यातील तरुणांनी तयार केलेले कोळीगीतांचे व्हिडिओ दाखविण्यात आले. अख्खा वाडा लोटला होता. चित्रीकरण देखणे होते, हे आधीच मान्य करतो. ड्रोनमधून दिसणारा दर्या, नव्याने रंगविलेल्या होड्या, अबोलीच्या वेण्या, सारेच नेत्रसुखद. प्रत्येक गाण्याअखेर श्रेयनामावली सरकत असे. दिग्दर्शक, छायाचित्रकार, ड्रोनचालक, रंगभूषाकार. इतकेच काय, चहा-फराळाची व्यवस्था पाहणाऱ्याचेही नाव! गीतकार आणि संगीतकार यांच्या जागी मात्र बहुतेक वेळा एकच शब्द : पारंपरिक.

शेजारी सत्तरी ओलांडलेल्या एक मावशी बसल्या होत्या. तिसऱ्या गाण्याला त्या स्वतःशीच हसल्या. ते गाणे त्यांच्या थोरल्या दिरांनी एका हळदीसाठी रचले होते. कोणाच्या हळदीसाठी, तेही त्यांनी सांगितले. तो नवरदेव आता आजोबा होऊन दोन रांगा पुढे बसला होता. दीर जाऊन बारा वर्षे झाली. पडद्यावर अक्षरे उमटली : पारंपरिक.

ज्या परंपरेच्या नावाने हे चालते, तिने कर्त्याचे नाव कधी पुसले? अभंगाच्या अखेरच्या चरणात तुकोबा आहेत, नामदेव आहेत, दळणकांडण करणारी जनाबाईही आहे. शाहीर आपले नाव कवनात गुंफत आले. कर्त्याला निनावी करणे ही आपली रीत नव्हे. ती बाजाराची सोय आहे. ज्या गाण्याला धनी नाही, त्याचे मानधनही कोणाला द्यावे लागत नाही.

‘मी डोलकर’ आणि ‘वादळवारं सुटलं गं’ ही गाणी आज कित्येकांना लोकगीतेच वाटतात. वास्तविक ती इंदापूरला जन्मलेल्या, मराठीच्या प्राध्यापक असलेल्या शांता शेळके यांनी लिहिली आणि हृदयनाथ मंगेशकरांनी स्वरबद्ध केली. लोकांना ती आपली वाटावीत, हा कवयित्रीचा गौरव खराच. पण म्हणून तिचे नाव गाळायचे? शांताबाईंचे नाव निदान पुस्तकांत तरी सापडेल. वेसाव्याच्या काशीराम चिंचय यांच्यासारख्यांना ध्वनिफितींमुळे नाव मिळाले. मावशींच्या दिरांची कोठे नोंद?

यावर ठरलेले उत्तर येते, लोकगीत सर्वांचे असते. असेल! जात्यावरच्या ओव्यांची मूळ रचनाकार कोण, हे खरोखरच सांगता येत नाही. तरीही पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगाव हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, तेव्हा ओवी गाणाऱ्या बाईचे आणि तिच्या गावाचे नाव जपले. वाड्यातच राहून, वाड्यातल्याच माणसाचे नाव ज्यांना विचारावेसे वाटत नाही, त्यांनी लोकपरंपरेची सबब सांगू नये.

कायदाही त्यांच्या बाजूने नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचे ५७वे कलम, हक्क विकल्यानंतरही, कृतीचा कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा अधिकार लेखकाकडेच ठेवते. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क वारसांकडे राहतो. २०१२च्या दुरुस्तीने तर ध्वनिमुद्रिकेतील गीतकार-संगीतकारांचा स्वामित्वधनातील समान वाटा करारानेही सोडून देता येणार नाही, असे ठरविले. आता ‘पारंपरिक’ हा शब्द पुन्हा वाचा. किती वारसांचा वाटा त्याखाली दडला असेल?

कार्यक्रम संपल्यावर एका उत्साही संयोजकाला मी हे विचारले. मुलगा सालस होता. “काका, पडद्यावर जागा कमी असते,” तो म्हणाला. प्रायोजकाचे बोधचिन्ह मात्र प्रत्येक गाण्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत कोपऱ्यात झळकत होते. मी त्याला मावशींकडे नेले. त्याने भ्रमणध्वनी काढून दिरांचे नाव टिपून घेतले, आणि मग मावशी दुसऱ्या गाण्याविषयी सांगू लागल्या.