डी.एड. झालं, बी.ए. झालं, आता नर्सिंग? अर्ज भरण्याआधी वयाचं गणित मांडा

बीड : बारावीचा निकाल लागला की तालुक्याच्या ठिकाणच्या ऑनलाइन सेंटरांवर नर्सिंगच्या अर्जांची गर्दी सुरू होते. गेवराई असो, आष्टी असो की धारूर. या गर्दीत आता फक्त नुकत्याच बारावी झालेल्या पोरी नसतात. डी.एड. करून दहा वर्षं झालेल्या, इंग्रजी शाळेत तुटपुंज्या पगारावर शिकवणाऱ्या, बी.ए. करून लग्न झालेल्या, आशा म्हणून गाव पालथं घालणाऱ्या बायाही असतात. एखादा डिप्लोमा झालेला पोरगाही असतो. सगळ्यांचा प्रश्न एकच : आता या वयात नर्सिंगला जमेल का?

जमेल, पण सगळ्यांना नाही, आणि कोणत्याही दाराने नाही. चुकीच्या दाराने आत गेलं तर दोन-तीन वर्षं आणि घरातले पैसे दोन्ही जातात.

ही वेळ का आली, ते आधी बघायला हवं. एकेकाळी डी.एड.च्या यादीत नाव लागावं म्हणून घरचे देव पाण्यात घालून बसायचे. दोन वर्षं शिकलं की झेडपीची शाळा पक्की, असा हिशोब होता. मग गल्लोगल्ली डी.एड. कॉलेजं निघाली. मे २०१२ मध्ये शिक्षक भरतीवर बंदी आली. २०१३ पासून टीईटी आली, नंतर अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टल. अधूनमधून भरती झाली, पण मधल्या वर्षांत एका पिढीचं वय निघून गेलं. भरतीत नाव लागलं तरी सुरुवात शिक्षण सेवक म्हणून. त्याचं प्राथमिकचं मानधन २०२३ मध्ये वाढलं तेव्हा कुठे १६ हजार झालं. आधी ते ६ हजार होतं.

याच काळात दवाखाने वाढत गेले. सरकारी निकषाप्रमाणे सपाट भागात ५ हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र आणि ३० हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र लागतं. तालुक्याच्या गावातही खासगी हॉस्पिटलं उभी राहिली. सिस्टरला काम मिळतंच, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. म्हणून शिकलेल्या बाया इकडे वळल्या. यात त्यांचं काहीच चुकलेलं नाही.

अमेरिकेचा व्हिडिओ इथे चालत नाही

युट्यूबवर काही व्हिडिओ फिरतात : ‘कोणतीही पदवी असेल तर दीड वर्षात नर्स व्हा.’ ते खोटं नाही, पण ते अमेरिकेचं आहे. तिथे आधी दुसऱ्या विषयाची पदवी घेतलेल्यांसाठी बारा ते अठरा महिन्यांची वेगळी नर्सिंग पदवी असते. आपल्याकडे तसं काही नाही. बी.ए., बी.कॉम., डी.एड., बी.एड. काहीही झालेलं असो, नर्सिंगमध्ये त्यातल्या एका दिवसाचीही सूट मिळत नाही. चाळीस पोरांचा वर्ग सांभाळलेली बाई आणि नुकतीच बारावी झालेली पोरगी एकाच बाकावर बसतात.

आपल्याकडे दारं तीन. एएनएम दोन वर्षांचा, फक्त महिलांसाठी. जीएनएम तीन वर्षांचा, मुलामुली दोघांसाठी. आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा, तोही दोघांसाठी.

बी.एस्सी. नर्सिंगला बारावी विज्ञान शाखेतून, म्हणजे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र घेऊनच झालेली लागते. शिवाय राज्याची सीईटी द्यावी लागते. बारावी आर्ट्स करून डी.एड. केलेल्यांना हे दार बंद. पुढे बी.ए., एम.ए. कितीही केलं तरी उपयोग नाही, कारण तिथे पदवी बघत नाहीत, बारावीचे विषय बघतात.

जीएनएमचं दार मात्र आर्ट्सवाल्यांनाही उघडं आहे. बारावीला इंग्रजी विषय आणि ४० टक्के गुण ही राष्ट्रीय परिषदेची किमान अट. विज्ञानाला पसंती असते, पण आर्ट्सला मनाई नाही. आधी दुसरं काही शिकलेल्या, दुसरं काम केलेल्या ग्रामीण बाईसाठी खरा रस्ता हाच. जीएनएम झाल्यावर दोन वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्सी. करून पदवीही घेता येते. म्हणजे बारावी आर्ट्स असली तरी पाच वर्षांत नर्सिंगची पदवी हातात येऊ शकते. हे बऱ्याच जणींना कुणी सांगितलेलंच नसतं.

खरी अडचण वयाची

एएनएम आणि जीएनएमला प्रवेशासाठी कमाल वय ३५ आहे. वाचायला सोपं वाटतं. पण प्रवेश मिळणं वेगळं आणि शिकून झाल्यावर नोकरीच्या वयात बसणं वेगळं. इथेच बहुतेकांचा हिशोब चुकतो.

एक उदाहरण घ्या. खुल्या प्रवर्गातल्या बाईने ३१ व्या वर्षी जीएनएमला प्रवेश घेतला. एकही विषय मागे राहिला नाही तर ३४ व्या वर्षी ती बाहेर पडेल. मग कौन्सिलची नोंदणी. राज्याच्या सरकारी नोकरीला खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा साधारण ३८, मागास प्रवर्गांना ४३. म्हणजे तिच्या हातात चार वर्षं. जाहिरात दर वर्षी निघत नाही, हे डी.एड.वाल्यांना वेगळं सांगायला नको. तीच बाई मागास प्रवर्गातली असेल तर नऊ वर्षं मिळतात, आणि नऊ वर्षांत काही ना काही भरती होतेच.

आता तीच बाई ३५ व्या वर्षी गेली तर? ३८ व्या वर्षी बाहेर. खुल्या प्रवर्गासाठी सरकारी नोकरीचा विषय तिथेच जवळजवळ संपला. राहतं खासगी किंवा कंत्राटी काम. ते करायला हरकत नाही, पण सरकारी नोकरीच्या आशेवर कर्ज काढायचं असेल तर थांबलेलं बरं.

एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीचं नाव क्लासवाले फार घेतात. तिथे सर्वसाधारण वयोमर्यादा ३० आहे, राखीव प्रवर्गांना थोडी सवलत. जीएनएमवाल्यांना त्यावर किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभवही लागतो. तिशीनंतर जीएनएमला जाणाऱ्यांनी एम्सच्या जाहिराती बघून क्लासची फी भरू नये. मुलांनी तर आणखी जपून राहावं, कारण तिथे ८० टक्के जागा महिलांसाठी आहेत.

एक पळवाट नियमातच आहे. जी बाई आधीच एएनएम झालेली आहे, तिला जीएनएमच्या प्रवेशासाठी वयाची अट नाही. चौतिशीत एएनएम करून आधी उपकेंद्रावर किंवा दवाखान्यात कामाला लागायचं आणि पुढे जमेल तसं जीएनएम करायचं, असा रस्ता निघतो. लांबचा आहे. पण मधल्या काळात घरात पगार येत राहतो, आणि तीन वर्षं नुसतं शिकणं ज्या घराला परवडत नाही तिथे हाच रस्ता चालतो.

फी माफ, पण कुणाला?

जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ झाली. ही सवलत सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून जाणाऱ्यांना आहे. एजंटाच्या ओळखीने संस्थेच्या कोट्यातून ‘सीट’ घेतली की माफी गेली. संस्थेचा माणूस ‘ताई, नंतर बघू’ म्हणतो. नंतर कुणी बघत नाही.

दुसरी अडचण आणखी मोठी, आणि ती नेमकी पदवी झालेल्यांना नडते. अनुसूचित जातींसाठीच्या भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा जुना नियम असा : शिक्षणाचा एक टप्पा झाल्यावर त्याच टप्प्यावर दुसरा विषय घेतला तर शिष्यवृत्ती नाही. बी.ए. झाल्यावर बी.कॉम. केलं तर मिळत नाही. तोच नियम बी.ए. नंतर बी.एस्सी. नर्सिंग करणाऱ्यालाही आडवा येतो.  म्हणजे पहिल्या शिक्षणाने नोकरी दिली नाही आणि दुसऱ्याची मदतही अडवली. शासनाला नर्स कमी पडतात आणि शिकलेली माणसं रिकामी बसलेली आहेत, तर हा नियम निदान नर्सिंगपुरता तरी शिथिल व्हायला हवा. तोवर प्रवेश घेण्याआधी समाजकल्याण कार्यालयात जाऊन आपली आधीची गुणपत्रिका दाखवून विचारून यावं. कॉलेजच्या क्लार्कच्या शब्दावर राहू नये.

सहा महिन्यांची ‘नर्स’

प्रत्येक तालुक्यात बसस्टँडजवळ एखादा बोर्ड दिसतो : ‘सहा महिन्यांत नर्सिंग, शंभर टक्के नोकरी.’ सहा महिन्यांत कुणी नर्स होत नाही. रुग्ण सहायकाचे छोटे कोर्स असतात. त्यातले काही सरकारमान्य कौशल्य कोर्सही आहेत आणि त्यातून दवाखान्यात मदतनिसाचं काम मिळतं. पण ते काम नर्सचं नाही. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी होत नाही तोवर कुणी नर्स नसते, मग गळ्यात कोणतंही ओळखपत्र असो. वय सरत आलेल्या बाया याच बोर्डाला जास्त फसतात, कारण ‘दोन-तीन वर्षं कुठं काढू’ हीच त्यांची अडचण असते.

संस्था खरी आहे का, हे बघणं अवघड नाही. भारतीय नर्सिंग परिषद आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल यांच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या याद्या मोबाईलवर उघडतात. त्यात नाव बघायचं. मग प्रत्यक्ष जाऊन विचारायचं की प्रात्यक्षिक कोणत्या दवाखान्यात होतं आणि तिथे खाटा किती. एका विद्यार्थ्यामागे साधारण तीन रुग्ण असा परिषदेचा निकष आहे. शंभर पोरी आणि वीस खाटा असं दिसलं तर तिथून माघारी फिरावं. नुसत्या पुस्तकावर शिकलेल्या सिस्टरच्या हातात इंजेक्शन द्यायला कुणाचंही मन धजणार नाही. मूळ कागदपत्रं संस्थेत जमा करायला सांगितली तर पावती घेतल्याशिवाय देऊ नयेत. मध्येच सोडायची वेळ आली की तीच कागदपत्रं अडवली जातात.

पगाराचं खरं चित्र

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशांनंतर केंद्राच्या समितीने खासगी नर्सच्या पगाराची शिफारस केली होती. ५० पेक्षा कमी खाटांच्या दवाखान्यातही महिन्याला २० हजारांपेक्षा कमी देऊ नये, असं तिने म्हटलं. ती शिफारसच राहिली. तालुक्याच्या ठिकाणच्या कितीतरी छोट्या दवाखान्यांत त्याच्या जवळपासही पगार नाही. सरकारी पण कंत्राटी जागांचंही सुख नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या दहा वर्षं झालेल्यांना कायम करण्याचा निर्णय मार्च २०२४ मध्ये झाला आणि अंमलबजावणीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच कर्मचाऱ्यांना काम बंद करावं लागलं. शिक्षण सेवकाची वाट बघून थकलेल्यांनी इथे वाट बघावी लागणारच नाही, असं धरून येऊ नये.

तरीही एक फरक मोठा आहे. शाळा मिळाली नाही तर डी.एड.चा कागद घरात पडून राहतो. नोंदणी झालेल्या नर्सला बीड, संभाजीनगर, पुणे, कुठेही काम मिळतं, पगार कमी-जास्त. जर्मन भाषा बी-टू पातळीपर्यंत शिकली तर जर्मनीचाही रस्ता आहे. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी महाराष्ट्राने २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत.

आशाताईंवर अन्याय

या सगळ्यात सर्वांत विचित्र गोष्ट आशा स्वयंसेविकांची. आशा म्हणून निवड होताना वय २५ ते ४५ लागतं. गरोदर बाईला रात्री दवाखान्यात नेणं, बाळाचं वजन, क्षयरोगाच्या गोळ्या, लसीकरणाची यादी, हे सगळं ती वर्षानुवर्षं करते. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांचा गौरव केला. मानधनासाठी मात्र त्यांना महाराष्ट्रात संपावर बसावं लागलं आणि मार्च २०२४ मध्ये ५ हजारांची वाढ मिळाली. एवढा अनुभव गाठीला येईपर्यंत तिचं वय ३५ च्या पुढे गेलेलं असतं आणि एएनएमचं दार बंद. ३५ व्या वर्षी आशा म्हणून घ्यायचं आणि ३६ व्या वर्षी नर्सिंग शिकायला म्हातारी ठरवायचं, याला काय म्हणावं? ज्या आशेने पाच-सात वर्षं काम केलंय आणि बारावी झालीय, तिला वयात सूट आणि जिल्ह्याच्या सरकारी नर्सिंग शाळेत काही जागा राखीव, एवढी मागणी गावागावांतून व्हायला पाहिजे. ग्रामसभेचा ठराव करून जिल्हा परिषदेकडे पाठवायला खर्च येत नाही.

राहिला घरचा प्रश्न. तीन वर्षं हॉस्टेल किंवा रोजचा एसटीचा प्रवास, वॉर्डातली ड्युटी, रात्रपाळी. लेकराला कोण बघणार, सासूबाईंचं मन कसं वळवायचं, ‘परक्या माणसाची घाण काढायचं काम’ म्हणून भावकी नाक मुरडणार त्याचं काय, हे अर्ज भरायच्या आधीच घरात बसून बोललेलं बरं. बऱ्याच जणी अभ्यासाने नाही, याच कारणाने पहिल्या वर्षात परत येतात.

अर्जाला दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला आणि लागू असेल तर नॉन-क्रिमिलेअर लागतं. लग्नानंतर नाव बदललेलं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्र आधीच काढून ठेवावं. तहसीलच्या सेतूत जूनमध्ये रांग वाढते, त्यामुळे दाखले मे महिन्यातच करून घ्यावेत.