कागदावरचा संघ

साखरपुडा झाला, कार्यालयाची अनामत भरली, आणि त्यानंतर पत्रिका घेऊन ज्योतिषीबुवांकडे जाणारी माणसे आपण पाहिली आहेत. आता बुवांनी काय सांगायचे उरले? पण मन राहत नाही. अमेरिकेत दर वर्षी ऑगस्टच्या अखेरीस लक्षावधी संसारी माणसे हाच उद्योग करतात. फुटबॉलचा एक कल्पित संघ निवडतात, आणि निवड झाल्यावर ‘कसा काय जमलाय?’ म्हणून भेटेल त्याला विचारीत सुटतात. पुष्कळ घरांतले मुलगे, पुतणे, भाचे आता न्यू जर्सीत नाही तर कॅलिफोर्नियात आहेत. त्यांनी फोनवर हा प्रश्न टाकला, तर जाणत्याप्रमाणे ‘हं’ म्हणता यावे, म्हणून हा प्रपंच.

तिकडचा फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडू हातात घेऊन धावायचा, फेकायचा आणि झेलायचा खेळ. त्याचे धंदेवाईक संघ ३२. दहा-बारा मित्र जमतात आणि या सगळ्या संघांतले खरे खेळाडू पाळीपाळीने आपापल्या नावावर मांडून घेतात. मग मैदानावर खेळाडूने जे करावे, त्याचे गुण घरी बसलेल्या मालकाला. चेंडू घेऊन दहा यार्ड पुढे गेला की साधारण एक गुण. सीमारेषा ओलांडून ‘टचडाउन’ केला की सहा.

ही कल्पना निघाली १९६२ साली. ओकलंड रेडर्स या संघाचे एक भागीदार बिल विंकनबाख यांनी, संघ न्यूयॉर्कच्या बाजूला दौऱ्यावर असताना, दोघातिघांना हाताशी धरून हॉटेलात बसून नियम लिहून काढले. त्या वर्षी त्यांचा खरा संघ चौदांपैकी तेरा सामने हरला. अशा माणसाला कल्पनेतला संघ सुचावा यात नवल कसले! पुढच्या वर्षी, १९६३ मध्ये, आठ संघांची पहिली मंडळी त्यांच्या घरी जमली.

आपल्याकडे ही कल्पना क्रिकेटच्या रूपाने मोबाइलवर आली. आजचा संघ उद्या मोडायचा आणि त्यावर पैसे लावायचे, असा तो प्रकार होता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. मूळच्या अमेरिकन खेळातही मित्रमंडळी वर्गणी काढतात. परंतु तिथे एकदा निवडलेला संघ घेऊन अठरा आठवड्यांचा हंगाम काढायचा असतो. थोडक्यात, तिकीट काढून सिनेमा पाहणे वेगळे आणि संसार करणे वेगळे.

आता संघ पारखायचा कसा? पहिला धडा असा, की नावे पाहू नयेत, पाळी पाहावी. निवड नागमोडी चालते. बारा मालक असतील तर पहिल्या फेरीत ज्याची पहिली पाळी, त्याची दुसऱ्या फेरीत शेवटची. म्हणजे त्याला पहिला मोहरा मिळाला, की पुढचे थेट चोविसावा आणि पंचविसावा. उलट बाराव्या पाळीच्या माणसाला बारावा आणि तेरावा लागोपाठ. तेव्हा ‘अमका चांगला आहे का’ हा प्रश्नच अपुरा. तो कितव्या पाळीला घेतला, आणि थांबला असता तर पुढच्या पाळीलाही मिळाला असता का, हे विचारावे. रास्त भावाने घेतलेली साधी पैठणी शहाणपणाची. दुप्पट भावाने घेतलेली भरजरी ही नुसती हौस.

दुसरा धडा टंचाईचा. चेंडू फेकून सारा डाव हाकणारा तो ‘क्वार्टरबॅक’. सर्वांत जास्त गुण बहुधा तोच मिळवतो. नवशिका म्हणतो, मग तोच आधी घ्या! पण हिशेब करा. बारा मालकांना दर आठवड्याला एकेकच क्वार्टरबॅक उतरवायचा. म्हणजे लागणार बारा आणि ३२ संघांत मिळून आहेत ३२. चेंडू घेऊन धावणारे ‘रनिंग बॅक’ मात्र प्रत्येकाला दोन-दोन हवेत, म्हणजे किमान २४. आणि कित्येक संघ ते काम दोघातिघांत वाटून देतात, त्यामुळे भरवशाचे थोडेच. घरात मीठ साखरेपेक्षा जास्त गरजेचे असते. पण रेशनच्या दिवसांत रांग साखरेसाठीच लागत असे, तसे हे आहे.

तिसरा धडा रजेचा. प्रत्येक खऱ्या संघाला हंगामात एक आठवडा विश्रांती असते. तुमचे चार बिनीचे शिलेदार एकाच आठवड्याला रजेवर गेले, तर त्या रविवारी तुम्ही नुसता चहा प्यायचा.

निवड आटोपताच संगणक प्रत्येक संघाला शाळेतल्यासारखी श्रेणी देऊन टाकतो. कुणाला ‘अ’, कुणाला ‘क’. यातली गंमत अशी, की कोण किती गुण मिळवील याचा अंदाज त्याचाच, आणि त्या अंदाजावरून तुम्हाला तपासणाराही तोच. गुरुजींनीच उत्तरे सांगायची आणि ती घोकणाऱ्याला पैकीच्या पैकी गुण द्यायचे! अशा श्रेणीवरून इतकेच कळते, की तुम्ही यादी मुकाट्याने पाळलीत.

आणि यादीचे पुढे काय होते? २०१७ साली डेव्हिड जॉन्सन या धावपटूला पुष्कळांनी सर्वांत आधी उचलले. पहिल्याच सामन्यात त्याचे मनगट निखळले आणि हंगाम संपला. उलट १९९९ साली सेंट लुइस रॅम्सचा नेमलेला क्वार्टरबॅक हंगामापूर्वीच गुडघा दुखावून बसला आणि त्याच्या जागी कर्ट वॉर्नर उभा राहिला. हा गृहस्थ काही वर्षांपूर्वी आयोवातल्या एका किराणा भांडारात रात्री फळ्यांवर माल लावीत असे. त्याने त्या हंगामात ४१ टचडाउन फेकले आणि संघाला अजिंक्यपद मिळवून दिले. २०२३ साली पुका नाकुआ हा नवखा मुलगा खऱ्या निवडीत १७७ वा निघाला. त्याने १०५ चेंडू झेलून १,४८६ यार्ड मिळवले.

म्हणून संघ पाहताना पहिल्या तीन नावांवर नजर खिळवू नये. शेवटच्या तीन-चारांकडे वळवावी. तिथे नावाजलेले पण उतरणीला लागलेले म्हातारे भरले असतील तर तो संघ शोभेचा. कोणाच्या आडून पुढे येऊ शकेल असा एखादा दुय्यम धावपटू, एखादा नवखा, असे असतील तर मालक जाणता. ज्या घरात अडीनडीला धावून येणारे माणूस आहे, ते घर तरते.

परंतु अडीनडीच्या माणसाची एक गोष्ट या सर्व हिशेबांपलीकडची आहे. २०२२ च्या सप्टेंबरात बफेलो संघाचा एक बचावपटू मानेला दुखापत होऊन बसला आणि त्याच्या जागी डमार हॅमलिन खेळू लागला. बचाव करणाऱ्यांची नावे या कल्पित संघांत सहसा कोणी घेतच नाही. २ जानेवारी २०२३ च्या रात्री सिनसिनाटीत एका धडकेनंतर तो उभा राहिला आणि दुसऱ्या क्षणी कोसळला. हृदय बंद पडले होते. मैदानावरच त्याची छाती दाबून त्याला जागवण्याची शर्थ झाली. असंख्य मित्रमंडळींच्या कल्पित स्पर्धेची अंतिम फेरी त्याच आठवड्यात होती आणि त्याच सामन्यावर अडली होती. तो सामना पुढे खेळलाच गेला नाही. कितीतरी मंडळींनी जेतेपद वाटून घेतले आणि हिशेबाची वही मिटली. हॅमलिनने मुलांच्या खेळण्यांसाठी २,५०० डॉलर जमवायला काढलेल्या निधीत लोकांनी ऐंशी लाखांहून अधिक डॉलर टाकले. तो वाचला, २०२३ च्या हंगामात पुन्हा मैदानात उतरला.

तेव्हा दिवाळीच्या फोनवर पुतण्याने विचारले, ‘काका, माझा संघ कसा आहे?’ तर पाळी, टंचाई, रजा आणि राखीव माणसे यांची चौकशी जरूर करावी. तोवर निम्म्याच्या आसपास हंगाम उलटलेला असतो. कागदाची परीक्षा मैदानाने घेऊन टाकलेली असते. मग हळूच विचारावे, कोणी जायबंदी झाला तर आधी काय आठवते, बुडालेले गुण की तो माणूस? उत्तर ऐकून श्रेणी आपल्याला देता येईल. मात्र ती संघाची नव्हे, मालकाची.