कॅपसाठी दात कोरण्याविषयी रुग्णास काय सांगावे?

‘दाढ कोरून कॅप बसवावी लागेल’ असे दंतवैद्याने सांगितले की पुष्कळ रुग्ण कॅप बसविण्यापूर्वी आपल्या वैद्याकडे येतात. असलेला दात घासून लहान करावयाचा, ही कल्पनाच त्यांस भीतिदायक वाटते. ‘एखादे तेल, एखादे चूर्ण देऊन हे टळेल का?’ असा त्यांचा प्रश्न असतो. या प्रश्नास आपल्यापैकी अनेक वैद्यबंधू जे उत्तर देतात, तेच आम्हीही वर्षानुवर्षे देत आलो. ते उत्तर चुकीचे होते असे आज आमचे स्पष्ट मत आहे.

एका शिक्षिकेच्या खालच्या दाढेचे रूट कॅनाल झाले होते. वेदना पूर्ण थांबली होती. कॅपसाठी दाढ कोरण्याचा सल्ला मिळाला, तेव्हा त्या आमच्याकडे आल्या. आम्ही इरिमेदादि तैलाचा गंडूष लिहून दिला आणि ‘दुखत नाही तर निरोगी भाग कशाला कोरता?’ असे म्हणून मोकळे झालो. काही महिन्यांनी चिक्की खाताना ती दाढ उभी चिरली. चीर मुळापर्यंत गेल्याने दाढ काढावी लागली. बाईंनी आम्हांस दोष दिला नाही. ‘तुमचे ऐकले म्हणून...’ एवढे म्हणून त्यांनी वाक्य अर्धवट सोडले, आणि ते अर्धे वाक्य आम्ही अद्याप विसरलेलो नाही.

आमचे चुकले कोठे? सुश्रुताचार्यांनी दातांची गणना रुचकास्थींमध्ये केली आहे. त्यामुळे अस्थी सांधते तसा दातही औषधाने भरून येईल, अशी समजूत आपल्या मनात नकळत घर करते. परंतु दाताचे बाह्य कवच, म्हणजे एनॅमल, घडविणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येताच नष्ट होतात. झिजलेले वा फुटलेले एनॅमल शरीर पुन्हा निर्माण करीत नाही. शिवाय रूट कॅनालच्या दाढेत आधीच्या किडीने व उपचारासाठी पाडलेल्या छिद्राने आतील भाग पोकळ झालेला असतो, उरलेल्या भिंती पातळ असतात. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढविली नाही तर ओझ्याखाली चाकाचे जे होईल, तेच या दाढेचे होते. कॅप ही ती धाव होय. ती पकड घ्यावी म्हणून हिरडीच्या वर किमान दीड ते दोन मिलिमीटर उंचीचा शाबूत दात सभोवार शिल्लक असावा लागतो.

कोरण्याचे मापही ठरलेले असते. चावण्याच्या पृष्ठभागावरून साधारण दीड ते दोन मिलिमीटर भाग काढतात, तेवढी जागा न मिळाल्यास कॅप पातळ होऊन फुटते किंवा दातांचा मेळ बिघडतो. बाजूच्या भिंती वरच्या दिशेस किंचितच निमुळत्या ठेवतात, फार निमुळत्या झाल्यास कॅप निसटते. हे काम मिनिटाला तीन लाखांहून अधिक फेरे घेणाऱ्या यंत्राने चालते, म्हणून पाण्याचा फवारा सतत हवा. तो नसेल तर उष्णतेने जिवंत दाताचा गाभा मरू शकतो.

हे सर्व कारण असताना करावयाचे. कारण नसताना काय होते, तेही आम्ही पाहिले आहे. लग्नापूर्वी दात एकसारखे व शुभ्र दिसावेत म्हणून एका तरुणीने समोरचे सहा निरोगी दात कोरून घेतले. आज गार पाण्याचा घोटही तिला सहन होत नाही. दंतहर्षाची लक्षणे ग्रंथात वाचावी तशी! २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीनुसार समोरच्या दातावर पूर्ण कॅप बसविताना हिरडीवरील दाताचा ६३ ते ७२ टक्के भाग निघून जातो, पातळ पापुद्र्यासारख्या व्हिनिअरसाठी हेच प्रमाण ३ ते ३० टक्के असते. दंतशर्करा काढतानादेखील दंतमूलास इजा होऊ देऊ नये, अशी काळजी सुश्रुताचार्य घेतात. अशा परंपरेतील वैद्याने ‘हा दात का कोरावयाचा आहे?’ हे रुग्णाला विचारलेच पाहिजे. कीड, भंग किंवा रूट कॅनाल हे उत्तर आले तर त्याने अडवू नये. केवळ शोभेसाठी असेल तर दुसऱ्या दंतवैद्याचे मत घेण्यास सांगावे.

औषधी दुकानदार बंधूंनाही येथे दोन शब्द. खडू, कोळसा वा राख असलेले खरखरीत दंतमंजन नुकत्याच कोरलेल्या दाताच्या रुग्णास देऊ नये. मशेरीविषयी तर बोलावयासच नको. तंबाखूयुक्त दंतमंजन व टूथपेस्टवर १९९२ सालीच बंदी आली, तरी घरोघरी भाजलेली मशेरी चालूच आहे. लवंगतेल आपण ‘दातदुखीवर’ म्हणून सहज हाती ठेवतो. पण त्यातील युजेनॉल कायमची कॅप चिकटविण्याच्या रेझिन सिमेंटच्या घट्ट होण्यात अडथळा आणू शकते. तात्पुरत्या कॅपवर असलेला रुग्ण लवंगतेल मागू लागला तर त्याला आधी दंतवैद्यास विचारावयास सांगावे. कोमट तिळतेलाचा गंडूष मात्र दंतहर्षात आम्ही आजही देतो. सौम्य तक्रारीत रुग्णांस बरे वाटते, असा आमचा अनुभव आहे. त्याने कोरलेला भाग भरून येतो असे मात्र आम्ही म्हणत नाही.

नोव्हेंबर २०२० च्या राजपत्रातील अधिसूचनेत शालाक्याच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रशिक्षणात रूट कॅनालचा समावेश झाला, तेव्हा आपल्या वर्तुळात मोठा आनंद व्यक्त झाला होता. तो विषय त्या पदव्युत्तरांचा. आम्हां बी.ए.एम.एस. पदवीधरांच्या वाट्यास येतो तो कॅपपूर्वीचा रुग्णाचा प्रश्न, आणि त्याचे उत्तर देताना आमच्या हाती यंत्र नसले तरी दाढ वाचणे न वाचणे पुष्कळदा त्यावरच ठरते.

रूट कॅनाल झालेला रुग्ण आला की आता आम्ही केसपेपरवर ‘कॅप बसविली काय? तारीख?’ अशी एक ओळ घालतो, आणि पुढील भेटीत ती रिकामी दिसली तर औषध लिहिण्यापूर्वी तेच विचारतो.