डोळा म्हणजे गोंदायची कातडी नव्हे

एक पूर्वपक्ष अलीकडे माझ्या कानी येतो. ‘महाराज, आपल्या गडचिरोलीच्या माडिया-गोंड बाया कपाळ, हातपाय गोंदवून घेतात. मग पोरांनी डोळ्याच्या पांढऱ्यात रंग भरला तर तुम्हांला काय खुपते?’

गोंदणाला मी नावे ठेवत नाही. मेल्यावरही अंगाबरोबर येणारे एवढेच लेणे, अशी या रानातल्या बायांची श्रद्धा आहे. (जत्रेत एकच सुई दहा जणांना टोचणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्या सुईतून ‘ब’ कावीळ आणि एचआयव्ही पसरू शकतो, तिथे हात पुढे करू नका.) पण गोंदण कातडीचे. सुश्रुताने डोळ्याची मंडले सांगितली, त्यांतले श्वेतमंडल म्हणजे हा पांढरा पडदा. तो बहुतेक ठिकाणी एक मिलिमीटरहूनही पातळ असतो. त्याच्यावरच्या झिरझिरीत पापुद्र्याखाली इंजेक्शनने शाई सोडतात. हातावर सुई खोल गेली तर व्रण राहील. इथे पडदा भेदला की शाई थेट आत. 2017 साली कॅनडातल्या एका तरुणीने जांभळी शाई भरून घेतली, डोळा सुजला आणि दृष्टी अधू झाली. गेलेली शाई पुसून काढता येत नाही.

‘पण दुखत नाही म्हणतात!’ अहो, बधिर करणारे थेंब घातल्यावर काय दुखणार? दुखणे मागाहून येते. आणि आतला दृष्टिपटल सुटला तर तो मुळीच दुखत नाही. काचबिंदूही बहुधा मुकाट्यानेच नजर नेतो. न दुखणे हे सुरक्षिततेचे प्रमाण कोणत्या शास्त्राने मानले?

फूल पडलेल्या बुबुळाला नेत्रतज्ज्ञ रंग देतात, तो उपचार आहे. दुकानातल्या हौसेने त्याची साक्ष काढू नये.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत तर आणखी एक कारण आहे. इथे घरोघरी सिकलसेल, वर मलेरिया. आशाताई असो की डॉक्टर, पोराची पापणी खाली ओढून पहिल्यांदा पाहतात ते डोळा पिवळा झाला का. तोच पांढरा भाग जन्मभरासाठी निळा-काळा केला, तर कावीळ दिसायची कुठे?

कोणी करून बसलाच असेल तर त्याला बोल लावत बसू नका. डोळा लाल झाला, ठणकला, अंधुक दिसू लागले, तर मध-दूध घालू नका. त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयाच्या नेत्रविभागात न्या.