घरी ठेवायचा कागद

डोंगरात भटकणाऱ्यांची एक गंमत असते. माणूस जितका नवखा, तितकी त्याची तयारी दांडगी. पहिल्या ट्रेकला यादी काय, शिट्टी काय, ग्लुकोजचे पुडे काय! पन्नासेक ट्रेक झाले की तोच माणूस शुक्रवारी रात्री सॅकमध्ये दोन बाटल्या कोंबतो आणि "अहुपे उतरतो, कुठून तरी वर येतो" एवढं सांगून घराबाहेर पडतो. अनुभवी माणसाला आराखडा लागत नाही, असा एक समज आपल्यात मुरलाय. मला तो साफ चुकीचा वाटतो. त्याही पुढे जाऊन सांगतो, की अवघड वळशाचा आराखडा चालणाऱ्यांसाठी असतो त्यापेक्षा जास्त घरी बसणाऱ्यांसाठी असतो.

आता हे जरा सविस्तर सांगायला हवं, कारण माझे निम्मे वाचक डोंगरवेडे आहेत आणि उरलेले निम्मे आमचे नातेवाईक, ज्यांना 'घाटवाट' म्हटलं की खंडाळ्याचा बोगदा आठवतो.

आम्ही शिरूर-दौंडकडची माणसं. आमच्याकडे ऊस आहे, कांदा आहे, रेल्वे आहे. डोंगर म्हणाल तर नावाला. पण शिरूरच्या कडेनं वाहते ती घोडनदी आणि दौंडच्या कडेनं वाहते ती भीमा, दोघींचं माहेर एकच: आंबेगाव-खेडच्या पश्चिमेचा सह्याद्रीचा माथा. त्यामुळे आमच्या टोळक्याची पावलं बहुतेक वेळा तिकडेच वळतात. दौंडचे गडी चौफुला-न्हावरे करत शिरूरला येतात, मग मंचर, घोडेगाव, डिंभे धरण आणि रस्ता संपतो तिथे अहुपे. पुढे एकदम कडा, आणि खाली कोकण.

या हिवाळ्यासाठी जो वळसा मनात आहे तो असा. अहुप्याहून अहुपे घाटानं खाली खोपिवलीला उतरायचं. पायथ्यानं गोरखगड-मच्छिंद्रगडाचे सुळके बघत देहरीवरून नारिवलीकडे जायचं. तिथून सिद्धगडाची माची, माचीवरून गायदरा घाटानं पुन्हा माथा आणि माथ्यावरच्या रानातून परत अहुपे. (सिद्धगड म्हणजे तोच, जिथे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ ला हुतात्मा झाले.) ज्यांना घसारा, कारवीचं रान आणि फसव्या ढोरवाटा यांची सवय आहे त्यांच्यासाठीच हा बेत आहे. सवय नसेल तर यातली एकच वाट, तीही वाटाड्या घेऊन करावी.

कागदावर बेत सोपा दिसतो. गिर्यारोहणात नेस्मिथचा एक जुना हिशेब आहे, १८९२ सालचा, स्कॉटलंडमधला: ताशी ५ किलोमीटर चाल, आणि दर ६०० मीटर चढाईला एक तास जास्त. समजा २० किलोमीटर चाल आणि ८०० मीटर चढ असेल, तर उत्तर येतं पाच तास वीस मिनिटं. वा! म्हणजे सकाळी सातला निघालो की दुपारच्या जेवणाला परत. सह्याद्रीत हा हिशेब टिकत नाही. घसाऱ्यावर उतरायला चढण्याइतकाच वेळ लागतो, वाट हुडकण्यात अर्धा-अर्धा तास जातो, आणि ऊन माणसाला पिळून काढतं. मी येणाऱ्या उत्तराची सरळ दुप्पट करतो. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, हे ध्यानात घेतलं तर एका दिवसाचा बेत तिथेच बाद होतो.

दुसरी गोष्ट उन्हाची. हा कडा पश्चिमेकडे तोंड करून उभा आहे. सकाळभर त्याच्यावर सावली असते, दुपारनंतर तो तव्यासारखा तापतो. कोकणातून निघणारा माणूस सकाळी सावलीत चढतो आणि दुपारी उन्हात उतरतो. आम्ही घाटावरचे, आमचं गणित उलटं! आम्ही सकाळी ताजेतवाने असताना उतरतो, आणि चढ शिल्लक ठेवतो तो भर दुपारी, दमलेल्या पायांना. म्हणून पहिल्या दिवशी फक्त उतरायचं, पायथ्याच्या गावात मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चढाला लागायचं. महिना डिसेंबर किंवा जानेवारी. त्यानंतर वाटेतले झरे आटत जातात. पावसाळ्यात तर नावच नको. अहुप्याच्या वाटेवरच माळीण आहे. ३० जुलै २०१४ ला तिथे डोंगर गावावर आला. तो भाग बघितलेला माणूस पावसाळ्यात त्या उतारांवर 'थ्रिल' शोधायला जाणार नाही.

इथवर कुठलाही जाणता ट्रेकर मान डोलावेल. खरा वाद पुढेच आहे.

ज्या वाटेनं गेलो त्याच वाटेनं परत येणं आणि वळसा घालणं यात मोठा फरक आहे. गेल्या वाटेनं परतणारा कुठे अडकला तर शोधायची वाट एकच असते. वळशात माणूस कुठल्या अंगाला आहे, हेच मुळात कळत नाही. आणि इथे तर दोन अंगं म्हणजे दोन जिल्हे. अहुपे पुणे जिल्ह्यात, पोलीस ठाणं घोडेगाव. खोपिवली-नारिवली ठाणे जिल्ह्यात, पोलीस ठाणं मुरबाड. अहुप्याच्या कड्यावरून खोपिवली पायाखाली दिसते; पण गाडीनं जायचं म्हटलं तर मागे घोडेगावला येऊन, जुन्नर-ओतूर करत, माळशेज उतरून मुरबाड गाठायचं. शोधणारी माणसं चुकीच्या बाजूला पाठवली गेली, तर अख्खी रात्र हातची जाते.

आता विचार करा. पोर रात्री दहापर्यंत आलं नाही. दौंडच्या घरात कोणीतरी ११२ ला फोन लावतं. पलीकडून पहिला प्रश्न येणार, "कुठे गेलेत?" आणि उत्तर काय, तर "भीमाशंकरच्या बाजूला." भीमाशंकरची बाजू! नुसतं अभयारण्यच १३० चौरस किलोमीटरचं आहे. महाराष्ट्रात डोंगरातल्या बचावासाठी धावून जाणारे गिर्यारोहक आहेत, त्यांचा एकत्र मिळून कामाला लागणारा समन्वय आहे, आणि ते अपरात्री दोर घेऊन निघतातही. पण त्यांनाही सुरुवात कुठून करायची ते कोणीतरी सांगावं लागतं. तिकडे आल्प्समध्ये मों ब्लांच्या भोवती तीन देशांतून फिरणारा १७० किलोमीटरचा वळसा आहे. त्याच्यावर पाट्या आहेत, मुक्कामाच्या झोपड्या आहेत. इथे पाटी नाही आणि झोपडीही नाही. म्हणून कागद हवा.

आमचे दाजी दौंडला रेल्वेत गार्ड होते. त्यांचं एक वाक्य मला फार आवडतं: "गाडी सुटली म्हणजे पोचली असं रेल्वे कधीच धरत नाही." पुढच्या स्टेशनानं गाडी आली असं कळवेपर्यंत मागचं स्टेशन तो टप्पा मोकळा समजत नाही. शेवटच्या डब्यावर 'एल. व्ही.' पाटी असते. ती दिसली म्हणजे गाडी पुरी आली, मागे डबा सुटलेला नाही. ट्रेकमध्ये नेमकं हेच हवं. म्हणून आमचा कागद दाजींकडे असतो.

त्या कागदावर निबंध नसतो. कोण कोण, रक्तगट, गाडीचा नंबर आणि ती कुठे उभी. मग टप्पे: अहुपे, खोपिवली, नारिवली, सिद्धगडाची माची, माथा, परत अहुपे. प्रत्येक टप्प्यासमोर पोचायची वेळ, त्याच्यापुढे 'ओरड करायची वेळ', आणि त्याच्यापुढे फोन कुठल्या ठाण्याला करायचा ते. माचीसमोर एक ओळ जास्त: अकरापर्यंत माची मागे टाकली नाही, तर गायदरा नाही, परत नारिवली आणि मुरबाड. हा निर्णय घरी, पोटभर जेवून, डोकं थंड असताना घ्यायचा. दुपारी बारा वाजता, वर माथा दिसत असताना, कोणाचंही डोकं ठिकाणावर नसतं.

माझा सगळ्यांत कडक नियम आमच्या टोळक्यातच काहींना पटत नाही. तो असा, की जिथून घरी कळवता येत नाही, तिथे बेत बदलायचा नाही. समोर दुसरी सुंदर नाळ दिसली, गावातल्या म्हाताऱ्यानं जवळची वाट सांगितली, तरी नाही. घळीत रेंज नसते. आपण वाट बदलली की त्याच क्षणी दाजींच्या हातातला कागद खोटा होतो, आणि खोटा कागद हा कागद नसण्यापेक्षा वाईट. लोक आपल्याला तिथे शोधणार, जिथे आपण नाही.

यावर मित्र म्हणतात, "मग घाटवाटांची मजा काय राहिली? मळलेली वाट सोडायलाच तर जातो आपण." मुद्दा खरा आहे. नवी वाट हुडकण्याचा आनंद मीही घेतो. पण त्यासाठी वेगळा दिवस काढावा, त्या वाटेचं नाव कागदावर लिहावं, आणि मग खुशाल हुडकावी. "मोबाईलमध्ये ट्रॅक आहे की!" असंही म्हणतात. तो ट्रॅक आपल्या मोबाईलमध्ये आहे, आणि मोबाईल आपल्याबरोबर घळीत आहे. दौंडला त्याचा काय उपयोग?

आणि नातेवाईकांनो, आता तुम्हाला एक सांगणं. "कशाला जाता त्या कड्यांवर?" हा प्रश्न विचारणं सोडा. त्याला उत्तर नाही, आणि त्या प्रश्नामुळेच पोरं नीट न सांगता निघून जातात. त्याऐवजी कागद मागा. तो वाचा, न कळलेलं विचारा, आणि त्यावर लिहिलेली वेळ टळली की 'येतील थोड्या वेळात' म्हणत बसू नका. लाजू नका, फोन करा. पोरं धडधाकट परत आली आणि तुमच्यावर चिडली, तर चिडू दे.

डिसेंबरातल्या वळशाचा कागद अजून कच्चा आहे. माचीवरची वेळ अकरा ठेवायची की साडेदहा, यावर दाजींशी चर्चा चालू आहे. ते साडेदहावर अडून बसलेत, आणि कागद त्यांच्याकडे राहणार असल्यामुळे बहुतेक तेच जिंकतील.