रेनकोट घेताना शिवण बघा!

मुलांनो,

शाळा सुरू झाली की घरोघरी एक यादी तयार होते. वह्या, पुस्तकांची कव्हरं, कंपासपेटी, चपला आणि सगळ्यात शेवटी रेनकोट. शेवटी यासाठी, की तोवर आईबाबांच्या पाकिटातले पैसे संपत आलेले असतात. मग दुकानात गेल्यावर तुम्ही म्हणता, "मला तो कार्टूनवाला हवा." बाबा म्हणतात, "स्वस्तातला दाखवा हो." दुकानदार म्हणतो, "एकदम वॉटरप्रूफ आहे, साहेब." आणि रेनकोट पिशवीत पडतो. तो कसा आहे, हे कळतं पहिल्या मोठ्या पावसात. तोवर पावती हरवलेली असते!

माझंही असंच झालं होतं. आज तीच फजिती सांगते.

मी मूळची नेवासा तालुक्यातली. आमच्याकडचा पाऊस म्हणजे पाहुण्यासारखा. आला तर आला, नाही तर वाट बघायची. डी.एड. झाल्यावर मला नोकरी लागली ती थेट अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला, एका छोट्या शाळेत. जिल्हा एकच, आपला नगर जिल्हा (२०२४ पासून अहिल्यानगर). पण पाऊस किती वेगळा! अरबी समुद्रावरून आलेलं ओलं वारं सह्याद्रीला अडतं, वर चढतं, थंड होतं आणि तिथंच आपलं बहुतेक पाणी टाकून मोकळं होतं. त्यामुळे घाटघर, रतनवाडी या घाटमाथ्यावरच्या गावांत वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटरपर्यंतही पाऊस पडतो. डोंगर ओलांडून पूर्वेकडे येईपर्यंत वाऱ्याजवळ फारसं काही उरत नाही. जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कितीतरी भागात वर्षभराचा पाऊस असतो पाचशे मिलिमीटरच्या आसपास. म्हणून तर प्रवरेवर भंडारदऱ्याचं धरण बांधलं गेलं. ते १९२६ मध्ये पूर्ण झालं. वरचं पाणी अडवायचं आणि खालच्या कोरड्या शेतांना द्यायचं!

तर अशा ठिकाणी जायचं म्हणून मी नगरच्या बाजारातून एक छान निळं जॅकेट घेतलं. बाराशे रुपये मोजले. पहिल्या पगाराआधीचे बाराशे! दुकानदाराने कापडावर ग्लासभर पाणी ओतून दाखवलं. पाण्याचे मोती होऊन घरंगळले. मी खूश.

जुलैचा पहिला आठवडा. एसटीतून उतरले आणि शाळेपर्यंत अर्धा तास चालले. शाळेत पोचले तेव्हा खांद्यापासून कोपरापर्यंत मी चिंब! छातीशी धरलेल्या हजेरीपत्रकाची शाई पसरून निळे ओघळ आले होते. मुलं माझ्याकडे बघत होती. चौथीतली एक मुलगी पुढे आली आणि म्हणाली, "बाई, तुम्ही तर पार भिजल्या! तुमचं जाकीट गळतंय."

मी तिच्याकडे बघितलं. ती तर माझ्यापेक्षा लांबून, दोन ओढे ओलांडून आली होती. डोकं कोरडं, खांदे कोरडे, दप्तर कोरडं. "तू काय घालून आलीस गं?" मी विचारलं. तिने मान खाली घातली. बाकीची दोन-चार पोरं हसली. मग कळलं की ती खताच्या पोत्याची खोळ घालून येते. पण वर्गात आणत नाही. रंगीत रेनकोटवाली मुलं हसतात म्हणून पडवीमागे दगडाखाली दडपून ठेवते. आणि पाऊस फारच असला, खोळ लपवायला जागा नसली, की त्या दिवशी शाळेतच येत नाही.

हे ऐकून मला माझं भिजणं विसरायला झालं.

दुसऱ्या दिवशी परिसर अभ्यासाच्या तासाला आम्ही एक प्रयोग केला. तुम्हीही करा. चार पातेली घेतली. एकावर माझ्या जॅकेटचं पाठीकडचं सपाट कापड ताणून धरलं. दुसऱ्यावर त्याच जॅकेटची खांद्याची शिवण. तिसऱ्यावर एका मुलाच्या रेनकोटची शिवण आणि चौथ्यावर ती खोळ. आधी मी त्या मुलीला हळूच विचारलं होतं, "तुझी खोळ प्रयोगाला देशील का?" तिने जरा विचार करून दिली. प्रत्येकावर एकेक पेला पाणी ओतलं आणि दहा मिनिटं थांबलो.

माझ्या जॅकेटचं सपाट कापड खालून कोरडं होतं. म्हणजे दुकानदार खोटं बोलला नव्हता! पण त्याच जॅकेटच्या शिवणीतून टप... टप... टप... मुलं मोठ्याने थेंब मोजू लागली. मुलाच्या रेनकोटची शिवणही थोडी पाझरली. आणि खोळीखालचं पातेलं? कोरडं ठणठणीत!

"असं का झालं असेल?" मी विचारलं. बराच वेळ कुणी बोलेना. मग तीच मुलगी म्हणाली, "बाई, शिवायला सुई घालत्यात. सुईचं भोक ऱ्हातं."

अगदी बरोबर! कापड कितीही चांगलं असो, शिलाई मारली की हजारो बारीक भोकं पडतात. खोळीला खांद्यावर आणि पाठीवर शिवणच नसते. पोत्याचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात खोचला की झाली खोळ. डोक्यावर पोत्याची शिवण येते खरी, पण तिथं पोतं दुहेरी होतं, आणि तिच्या पोत्याला आतून प्लॅस्टिकचं अखंड अस्तरही होतं. म्हणून ती कोरडी आणि बाई ओल्या!

गंमत म्हणजे जगातल्या पहिल्या रेनकोटवाल्यांनाही याच भोकांनी छळलं होतं. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३ मध्ये दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर घालून पाणी न शिरणारं कापड बनवण्याचं पेटंट घेतलं. कापड छान होतं. पण शिंप्यांनी सुईने शिवून कोट केले आणि ते शिवणीतून गळू लागले! इंग्रजीत रेनकोटला अजूनही त्याच्या नावावरून 'मॅकिंटॉश' म्हणतात. आपल्याकडे १९२० मध्ये कोलकात्यात सुरेंद्रमोहन बोस यांनी बेंगॉल वॉटरप्रूफचा कारखाना काढला. त्यांचे 'डकबॅक' रेनकोट तुमच्या आजोबांना विचारा, त्यांना नक्की आठवतील.

आणि त्याच्याही आधी? घोंगडी होती, इरलं होतं. बांबूच्या कामट्या आणि पानांचं इरलं पाठीवर घेतलं की वाकून भाताची लावणी करता येते, दोन्ही हात मोकळे राहतात. घोंगडी पावसात जड होते, पण लोकर ओली झाली तरी ऊब देते. म्हणजे आपल्या माणसांनी पावसाचे कपडे कामाप्रमाणे निवडले होते. आपणही तसंच करायचं.

तर आता दुकानात जाऊ या. आईबाबांनाही हे वाचून दाखवा.

पहिली गोष्ट, रेनकोट उलटा करा. आतून शिवणीवर बोटभर रुंदीची चकचकीत पट्टी चिकटवलेली दिसते का? हीच ती टेप. ती सुईची भोकं झाकते. खांदे, टोपी आणि बाह्यांचा जोड इथं तरी ती हवीच. नखाने हळूच बघा, कडेने सुटत तर नाही ना? पट्टी नसेल तर किंमत कितीही असो, तो मोठ्या पावसाचा नाही. प्लॅस्टिकच्या काही रेनकोटांच्या शिवणी दोऱ्याने न शिवता उष्णतेने चिकटवलेल्या असतात. त्याही चालतात.

दुसरी गोष्ट, कापड. दुकानदाराला विचारून कापड तोंडाजवळ धरा आणि जोरात फुंका. हवा आरपार गेली तर ते नुसतं विंडचीटर आहे. वाऱ्याला आणि भुरभुर पावसाला ठीक. हवा अडली तर आतून थर दिलेला आहे. काही लेबलांवर '२००० मिमी', '३००० मिमी' असे आकडे असतात. त्याचा अर्थ असा की, कापडावर तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी ते पाणी अडवून धरतं. मग दप्तराच्या पट्ट्याखालीच पाणी का शिरतं? कारण पट्टा ओलं कापड दाबतो, आणि दाब वाढला की पाणी आत घुसतं. म्हणून दप्तर पाठीला लावून त्यावरून रेनकोट घाला.

तिसरी, माप. वरच्या कारणासाठीच रेनकोट दप्तरासकट घालून बघा. हात वर करा, खाली बसा. पण 'पुढच्या वर्षीही होईल' म्हणून पायात येईल एवढा लांबही नको. सायकलवाल्यांनी तर लोंबणारी टोकं आणि नाड्या टाळाव्यातच, चाकात अडकतात.

चौथी, टोपी. मान वळवली की टोपीही वळली पाहिजे. नाहीतर डावीकडून येणारी गाडी दिसणारच नाही. पुढे छोटीशी झडप असेल तर डोळ्यांत पाणी येत नाही. चेनवरही कापडाची पट्टी हवी, कारण साधी चेन म्हणजे पावसाला उघडं दारच.

पाचवी, रंग. काळा आणि गडद निळा रंग पावसाळी अंधारात दिसत नाही. पिवळा, केशरी रंग लांबून दिसतो. डोंबाऱ्यासारखा दिसेन असं वाटून घेऊ नका. गाडीवाल्याला दिसलात, हे महत्त्वाचं!

आता पैशांचं. रस्त्यावर मिळणारा पातळ प्लॅस्टिकचा रेनकोट एका सहलीपुरता. दुसऱ्यांदा घालताना काखेत फाटतो आणि कचरा होतो. जाड प्लॅस्टिकचा रेनकोट शाळेपर्यंत चालत जाणाऱ्याला पुरेसा आहे. पाणी बिलकूल आत येत नाही, पण घामही बाहेर जात नाही. कळसूबाईसारखा १६४६ मीटर उंच डोंगर चढायचा असेल तर तो आतूनच तुम्हाला भिजवील! अशा वेळी थर दिलेल्या नायलॉनचं किंवा पॉलिस्टरचं, टेप लावलेलं, काखेत किंवा पाठीवर हवा जायला जाळी असलेलं जॅकेट बरं. हजारो रुपयांची परदेशी जॅकेटं आपल्या शाळेला आणि शेताला लागत नाहीत. मी नंतर आतून टेप बघून जे घेतलं, ते साडेआठशेला मिळालं. पहिल्यापेक्षा साडेतीनशेने स्वस्त. आणि ते सहा पावसाळे टिकलं.

टिकलं, कारण निगा राखली. ओला रेनकोट घडी करून दप्तरात कोंबू नका, बुरशी येते आणि आतला थर सुटतो. सावलीत टांगून वाळवा. ब्रशने घासू नका, इस्त्री तर नकोच. आणि शिवण गळायला लागली म्हणून शिंप्याकडून पुन्हा शिलाई मारून घेऊ नका. का, ते आता तुम्हीच सांगा बरं!

प्रयोगाच्या दिवशी शाळा सुटताना काय झालं, ते सांगायचं राहिलं. भिंतीवरच्या खुंट्यांवर सगळ्यांचे रेनकोट टांगलेले असत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्यात एक खुंटी जास्त भरलेली दिसली. तिथं खोळ होती. कुणीही हसलं नाही. उलट एक पोरगा तिला विचारत होता, "कोपरा कसा खोचायचा, मला पण दाखव ना." त्या पावसाळ्यात तिच्या हजेरीपुढे गैरहजेरीच्या खुणा फारच थोड्या लागल्या.

पण मुलांनो, खोळीत वाऱ्यापावसात एक हात सतत अडकलेला असतो, पाय भिजतातच. तिलाही चांगला रेनकोट मिळायला हवा होता. पुढच्या वर्षी एका मोठ्या मुलीने आपला तोकडा झालेला रेनकोट धुऊन, वाळवून तिला दिला. देताना ती एवढंच म्हणाली, "मला होत नाही, तुला होतो का बघ."

तुमच्या घरी असा तोकडा झालेला रेनकोट माळ्यावर पडलाय का? आज काढा. उलटा करून शिवण तपासा. चांगला असेल तर ज्याला होईल त्याला द्या, आणि देताना चारचौघांत गाजावाजा करू नका. आणि हो, पातेल्याचा प्रयोग करून बघा. तुमच्या रेनकोटचे किती थेंब पडले, ते मला नक्की कळवा हं!

तुमच्या,
बाई